पालथं मशीन

कुताइसीत तेव्हा वीज पाहुण्यासारखी यायची,
न कळवता,
आणि चहा होण्याआधीच उठायची.
बाजारात, बुटांचे तळवे विकणाऱ्याच्या मागच्या खोलीत
बाद्रीनं मशीनचं पोट उघडलं,
नखाएवढी चिप, पाच तारा, कथलाचा धूर,
आणि म्हणाला, आता हे काहीही खाईल.

खाल्लं त्यानं. महिनाभर.
मग भिंग थकलं, सीडी नुसती फिरत राहिली.
एतेरीनं मशीन उचलून पालथं घातलं,
खाली दोन पुस्तकं, दोन्ही रसायनशास्त्राची.
पालथ्या घड्यावर पाणी टिकत नसेल,
पालथ्या मशीनमध्ये नदी वाहू लागली.

सीडीवर निळ्या पेननं लिहिलेलं: मांजर.
निघालं पाणमांजर.
खांद्याला टपालाची पिशवी, एक कान दुमडलेला,
उडी मारली की शेपूट
अर्धा क्षण मागे राहायची.
शाळेत कुणी ऐकलंच नव्हतं त्याच्याबद्दल.
सगळ्यांकडे ते दुसरे, सुसाट पळणारे,
ज्यांची चित्रं दप्तरांवरही मिळत.
आमच्याला दम लागायचा.
बटणं सोडली की बसायचं तिथेच
आणि पंजे चाटायचं.

स्वस्तातली नक्कल होती. जागा वाचवायला
कुठल्या शहरात कोण जाणे, कुणीतरी
चित्रफिती कापल्या होत्या, आणि संगीत.
म्हणून पत्रं कुणाची, कुणाला, काही कळायचं नाही.
बर्फाचा पूल मुका. कारखाना मुका.
नुसती पावलं, टप टप,
आणि नाणं उचलल्याची किणकिण.

संगीत एतेरी द्यायची.
गालात सूर्यफुलाच्या बिया, सालं बशीत,
बर्फासाठी एक चाल, कारखान्यासाठी दुसरी.
मी पडलो की तीही पहिल्यापासून.
एकदाच, सतराव्या खेपेला म्हणाली,
अरे, माझ्या गालांचा तरी विचार कर.

मेमरी कार्ड नव्हतं.
वीज गेली की पाणमांजर परत पहिल्या काठावर.
काळोखात तिची चाल तेवढी
दोन-चार पावलं पुढे जायची,
तिला थांबायचं उशिरा सुचायचं.

आता ती बारीला असते,
एका इटालियन म्हाताऱ्याला सूप भरवते, कूस बदलते,
रविवारी दुपारी तिला सुट्टी.
बाद्रीच्या पोराला तारा लागत नाहीत.
कार्ड खुपसतो, मोबाइल बघत बसतो,
मशीन आपोआप सगळं विसरून नवं शिकतं.
काका, लहानपणीचं काही हवंय?
म्हटलं, मांजर.

मिळालं. पूर्ण, कापाकापीच्या आधीचं.
पत्रं म्हणजे राजाच्या मेजवानीची आमंत्रणं निघाली.
आम्ही धरून चाललो होतो
की कुणीतरी लांब गेलंय.
बर्फाच्या पुलावर पियानो वाजला, मागे घंटा,
चांगला होता, कुणीतरी रात्री जागवल्या होत्या त्यावर.
मी मात्र तीनदा पाण्यात.
उडी नेमकी कुठे मारायची ते
पियानोला माहीतच नव्हतं.
आवाज बंद केला.

फोन लावला. म्हटलं, बर्फाची चाल म्हण ना.
कसला बर्फ?
मागे म्हातारा खोकत होता.
पाणमांजर, पूल, पालथं मशीन,
असं एकेक सांगत गेलो.
तिला पुस्तकं आठवली.
माझी होती ती, म्हणाली, तुझ्यापायी नापास झाले,
आणि हसली, आणि थांब, भांडी घासते म्हणाली,
फोन ओट्यावर.

नळ. ताटं. एक चमचा पडला.
मग पाण्याखालून काहीतरी गुणगुणणं,
तिचं तिलाही कळत नसावं.
कान देऊन ऐकलं.
कारखान्याची चाल होती.

कारखाना अजून चार टप्पे पुढे.
माझं पाणमांजर पुलाच्या मधोमध बसलेलं,
पिशवी मांडीवर,
पंजे चाटत.